लेनरांचा मान

ट्राम याकोमिनी चौकात थांबली आणि समोरच्या जाहिरातीच्या काचेत मला माझ्या भावाचे तळवे दिसले. तोंड नाही, नुसते तळवे. उजव्या टाचेवर लांब विळा लागल्याची जुनी खूण, डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट थोडं वर चढलेलं. फोटो मागून काढलेला होता. वोल्फराइन किल्ल्याच्या बंद दरवाजापुढे तो गुडघे टेकून, लोखंडी पट्टीला कपाळ लावून बसला होता, त्यामुळे ग्राट्झ शहरात दुसऱ्या कोणाला ते पाय ओळखता आले नसते. वर सोनेरी अक्षरांत होतं, ‘आठशे वर्षांचा किल्ला, तीनशे वर्षांची कृतज्ञता’, आणि खाली हॉटेलचा फोन नंबर. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले होते, तीन महिन्यांपूर्वी मागितलेली वेळ आज मिळाली होती. ती गेली. मी मधेच उतरले. मागच्या बाईचा माझ्या पिशवीला धक्का लागला, ती माफ करा म्हणाली, तेव्हा मी तिला म्हटलं, “हा माझा भाऊ आहे.” तिने जाहिरातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि जरा लांब पावलं टाकत निघून गेली.

कृतज्ञता हा शब्द माझा आहे. दुसऱ्या कोणाच्या माथी मारायची सोय नाही. पस्तीस वर्षांपूर्वी मी वोल्फराइनवर सोळा पानांची पुस्तिका लिहिली होती. प्रांताच्या दप्तरखान्यात नुकतीच लागले होते, आणि मी लेनरांच्या घरची आहे हे मला जगाला सांगायचं होतं. लेनर हे आमचं आडनाव नव्हे. आडनाव श्ट्राडनर. पण आमच्या भागात माणसाला घराच्या नावाने ओळखतात. घर विकलं, वारस संपले, कुठल्या तिऱ्हाइताने येऊन चूल मांडली, तरी घराचं नाव जागचं हलत नाही, आणि राहायला येईल तो त्या नावाचा होतो. गावात कोणी मला श्ट्राडनर म्हणून हाक मारली तर मी मागे वळूनही बघणार नाही. मी लेनरांची बुर्गी. आणि लेनर म्हणजे मान. सतराशे चारच्या उन्हाळ्यात पूर्वेकडून कुरुत्स लुटारू घोड्यांवरून गावं पेटवत आले, तेव्हाच्या ग्राफने, म्हणजे किल्ल्याच्या मालक सरदाराने, दरवाजा उघडून अख्खं गाव आत घेतलं, आणि आत शिरल्यावर सगळ्यांत आधी ज्याने ग्राफचे पाय धरले तो आमच्या घरचा लेनर. अशी गोष्ट. म्हणून दर वर्षी चौदा सप्टेंबरला गावाची मिरवणूक किल्ल्यावर जाते, पुढे लेनर, अनवाणी, नऊ किलोंची मेणबत्ती दोन्ही हातांत धरून. दरवाजा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. लेनर तीनदा गुडघे टेकतो, तीनदा लोखंडाला कपाळ लावतो, मग आतून अडसर निघतो, बँड वाजतो, आणि सगळे आत जाऊन सॉसेज खातात.

बाबा बत्तीस वर्षं मेणबत्ती घेऊन गेले. परत आले की आई परातीत कोमट पाणी घ्यायची, त्यात व्हिनेगर टाकायची आणि त्यांचे पाय धुवायची. तेवढा वेळ स्वयंपाकघरात कोणी बोलायचं नाही. त्या वासाने मला अजूनही ताठ बसावंसं वाटतं. माझा भाऊ किलियान बाबांशेजारी बाकावर बसायचा, कारण पुढे मान त्याच्याकडे जायचा होता, आणि मी दाराशी उभी राहून त्या दोघांचा हेवा करायचे. मुलगी असल्याचं वाईट मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही, पण चौदा सप्टेंबरला वाटायचं. एकदा मी सरपणाचा ओंडका उचलून गोठ्याच्या दारापुढे अनवाणी गुडघे टेकले होते, तीनदा, कपाळ लावून. गुडघ्याला खडी रुतली होती आणि मला फार छान वाटलं होतं. आता ते आठवलं की लाज वाटते, लाजेच्या मागोमाग राग येतो, आणि राग आला की बरं वाटतं.

गेल्या फेब्रुवारीपासून हे असं चाललंय. किल्ल्याच्या आठशे वर्षांनिमित्त मोठा ग्रंथ काढायचा ठरला आणि ग्राफने मला बोलावलं. ग्राफ ही पदवी कायद्याने कधीच गेली, माझ्या आजोबांच्या काळात. पण आमच्याकडे कायदा एक आणि जीभ एक. मी निवृत्त झालेली, घरी बसून मांजरही पाळत नव्हते, मी हो म्हटलं. किल्ल्याच्या कागदांची कार्डं शंभर वर्षांपूर्वी एका पाद्रीबाबांनी केलेली आहेत. मनुष्य चिकाटीचा, पण व्हिएन्नाचा. मी आजवर आमच्या घराचे कागद शोधताना श्ट्राडनर काढायचे, त्याआधी त्या घरात राहून गेलेली दोन आडनावं काढायचे, आणि काही मिळायचं नाही. यावेळी ठरवलं की पहिल्या कार्डापासून शेवटच्यापर्यंत एकेक बघायचं. ‘ल’च्या खणात होतं: ‘लेनर कुटुंब, निर्वंश.’ पाद्रीबाबांनी घराचं नाव आडनाव समजून टाकलं होतं. ते बाहेरचे, त्यांचं चालून जाईल. पण दप्तरखान्यात येणाऱ्या प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगायचे, बाबा रे, घराचं नाव आणि आडनाव वेगळं धर. आणि मीच तीस वर्षं त्या खणावरून बोट पुढे नेलं होतं. निर्वंश म्हणजे दुसरे कोणी लेनर असतील, आपले नव्हेत, असं वाटून. मी स्वतः लेनर आणि मला लेनर शोधता आला नाही. त्या दिवशी मी दप्तरखान्याच्या वाचनखोलीत एकटीच मोठ्याने हसले, आणि मग कागद मागवला.

तो किल्ल्याच्या कारभाऱ्याने लिहिलेला निवाडा होता. सतराशे चारचा नोव्हेंबर. ग्राफने दरवाजा उघडला नव्हता. गाव खंदकाच्या काठाशी उभं राहून ओरडत होतं, मागे धूर दिसत होता, आणि दरवाजा बंद होता. ‘लेनर घरची गेर्ट्राउड, वेठीवर गोठ्यात कामास असता, हुकूम नसता, कुलूप तोडून शेण काढावयाचे दार उघडती झाली, व एकशे बारा माणसे व नऊ गुरे आत घेती झाली.’ माणसं वाचली. गुन्हा राहिला. गेर्ट्राउडला तान्ह्या पोरासकट हद्दीबाहेर काढलं, आणि घराला शिक्षा लावली: ‘जो कोणी लेनर घरी राहील त्याने, घर उभे आहे तोवर, दर साल, अनवाणी, आपल्या पदरच्या सोळा पौंड मेणाची मेणबत्ती घेऊन, बंद दरवाजापुढे येऊन तीन वेळा माफी मागावी.’ मी ते तीनदा वाचलं. मग टेबलाखाली माझ्या गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. नोव्हेंबरात तान्हं पोर घेऊन ती कुठे गेली असेल ते कुठल्याच कार्डावर नाही, मी सगळी कार्डं बघितली.

चार पानं लिहिली मी त्यावर, सरळ, फुलंपानं न चिकटवता, आणि ग्राफला पाठवली. जाहिरात बघितल्यावर रस्त्यातूनच मी ग्राफला फोन लावला. तो शहरातच होता. म्हणाला, या ना, कॉफी घेऊ. कॉफीहाऊसमध्ये तो उठून उभा राहिला, माझा कोट त्याने स्वतः अडकवला. पन्नाशीचा, मवाळ बोलणारा माणूस. त्याच्यावर चिडणं हे गादीवर बुक्क्या मारण्यासारखं आहे.

“फ्राऊ डॉक्टर, काय घ्याल?”

“मी डॉक्टर नाही.”

“आमच्यासाठी आहातच,” तो म्हणाला. मी प्रबंध कधी पुरा केला नाही हे त्याला ठाऊक होतं. आमच्याकडे चष्मा दिसला की वेटरसुद्धा डॉक्टर म्हणतो, आणि ज्याला तुमच्याकडून काही हवं असेल तो दोनदा म्हणतो.

“ती चार पानं छापायला गेली का?”

“जागेची अडचण झाली. तिथे एक वाक्य ठेवलंय. ‘या हृद्य परंपरेचा उगम काळाच्या धुक्यात हरवला आहे.’ मला वाटतं अगदी तुमच्या शैलीत आहे.”

“माझ्या शैलीत धुकं नसतं, ग्राफसाहेब. कागद आहे, तारीख आहे, कारभाऱ्याची सही आहे.”

त्याने साखरेची पुडी उघडली आणि तशीच ठेवली. “माझ्याकडे एकवीस माणसं कामाला आहेत. सतरा तुमच्याच गावची. लोक कृतज्ञता बघायला येतात. शिक्षा बघायला कोण येणार?”

“शब्द बरोबर निवडलात. म्हणजे तुम्ही वाचलीत ती पानं.”

“दोनदा,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच टेबलाकडे बघत बोलला. “माझ्या पणजोबांच्या पणजोबांचा पराक्रम आहे तो. मलाही काही सुखाचं नाही. पण झालं त्याला तीनशे वर्षं झाली, आता कोणाचं काय अडलंय?”

“माझ्या भावाचे गुडघे अडलेत.”

“त्यांना सांगितलंत तुम्ही?”

मी बशीतला चमचा उचलून परत ठेवला. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत मी पाच वेळा घरी गेले होते, जेवले होते, भोपळ्यांवर किडी पडल्यात का ते विचारलं होतं. सांगितलं नव्हतं. ग्राफला उत्तर मिळालं आणि तो खूश झाला नाही, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. मी उठले.

“माझं नाव काढा पुस्तकावरून.”

“मुखपृष्ठ छापून झालंय, फ्राऊ डॉक्टर.”

“मग खरवडा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बसने गावी गेले. वळणावर किल्ला दिसतो तिथे बसमधली सगळी माणसं नकळत उजवीकडे बघतात, मी डावीकडे बघितलं. किलियान स्वयंपाकघरात एकटाच जेवत होता. घेवड्याच्या दाण्यांवर भोपळ्याच्या बियांचं काळं तेल, पाव, कांदा. एकाहत्तर वर्षांचा आहे, पण मान बाबांसारखी ठेवतो. त्याने माझ्यापुढे ताटली सरकवली. मी जेवणाआधीच सांगितलं, कारण जेवले असते तर सहाव्यांदा तशीच परतले असते. सांगताना मी ताटलीकडेच बघत होते. मग कागदाची नक्कल आणि खाली माझ्या अक्षरात केलेला सोपा तर्जुमा त्याच्यासमोर ठेवला. त्याने हात पुसले, चष्मा आणला आणि वाचलं. आमच्या घरात कोणी काही वाचत असलं की बाकीच्यांनी थांबायची पद्धत आहे, मी थांबले.

“खोटं असेल,” तो म्हणाला.

“खोटं लिहायला कारभाऱ्याला कारण नव्हतं. त्याला लाज वाटत नव्हती, म्हणून त्याने खरं लिहिलं.”

“आजोबांनी हे घर एकोणीसशे अकराला घेतलं. आपण त्या बाईच्या रक्ताचेसुद्धा नाही. ती आपली कोण?”

“कोणी नाही.”

“मग झालं तर.”

“ती आपली कोणी नाही, मग तिची शिक्षा तरी आपली कशी?”

त्याने पावाचा तुकडा तेलात फिरवला आणि खाल्ला नाही. “बाबा बत्तीस वर्षं. मी अडतीस. सत्तर वर्षं आम्ही त्या दाराला डोकं लावतोय, गाव मागे टोप्या काढून उभं असतं, आणि तू छापून आणणार की ती थट्टा होती. मूर्ख म्हणतेस तू आम्हाला.”

“मूर्ख नाही म्हणत. फसवलेले म्हणते.”

“त्यात फरक असला तर तो तुम्हा शिकलेल्यांना कळतो.” मग आवाज न चढवता, “बाबा शेवटी दवाखान्यात होते ना, तेव्हा नर्सला सांगायचे, मी लेनर आहे. श्ट्राडनर नाही म्हणायचे. तिला कळायचं नाही. तू नव्हतीस तिथे. तुझी ती पुस्तिका निघाली तेव्हा मला वाटलं, बाबा असायला हवे होते. आता बरं झालं म्हणतो, नाहीत ते.”

बाबांचा ताठ कणा खरा होता, आणि ज्यावर तो उभा होता ते खोटं होतं. मला दोन्ही सांभाळता येत नव्हतं. एक सोडायचं तर मी खोटं सोडणार, मग त्यात बाबांचा काही भाग गेला तरी जाऊ दे, असं मी मनाशी म्हटलं. मी कोणी दगडाची नाही. पण ज्या बाईने दार उघडलं तिच्या वतीने आम्ही दर वर्षी तिच्याविरुद्ध माफी मागत होतो, कपाळ आपटून, आणि ज्यांचे पूर्वज तिच्यामुळे जगले ते मागे उभे राहून बँडची वाट बघत होते. हे मी आणखी एक वर्षही चालू द्यायला तयार नव्हते.

“चौदा तारखेला जाणार आहेस?” मी विचारलं.

“जाणार. गुडघेही टेकणार. तो कागद घेऊन जा.”

मी कागद घेतला नाही. बस यायला तासभर होता, तो मी थांब्यावर उभ्यानेच काढला.

चौदा सप्टेंबरला रविवार आला होता. मी पिशवीत पूर्ण निवाड्याची नक्कल घेऊन गेले होते. ठरवलं होतं, दरवाजापुढे मोठ्याने वाचायचं, मग ग्राफने काय करायचं ते करावं. रात्रभर हे वाक्य सोपं वाटलं होतं. मिरवणूक चर्चपासून निघाली आणि पुढे किलियानचे पाय दिसू लागले, खडीवर जपून पडणारे, तेव्हा ते सोपं राहिलं नाही. ग्राफशी मी भांडू शकत होते, छापखान्याशी भांडू शकत होते, स्वतःच्या पुस्तिकेशी तर सहा महिने भांडतच होते. पण तो गुडघे टेकत असताना मी मागून वाचलं असतं तर शोभा त्याची झाली असती, किल्ल्याची नाही. आणि तो गुडघे टेकणार होता. सकाळी चर्चमध्ये त्याने माझ्याकडे बघितलंही नव्हतं. चढावर माझ्या शेजारी वेबर घरची रोझीना चालत होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, काठी टेकत. “ग्राट्झची हवा तुला मानवत नाही गं,” ती म्हणाली, “पिवळी दिसतेस.” पाहुण्यांनी दोन्ही बाजूंनी फोन वर धरले होते. मी पिशवीचा बंद मुठीत घट्ट धरून चालत होते आणि मनात म्हणत होते, टेकव, टेकव बाबा, मी तरीही वाचणार. आज नाही तर उद्या चर्चच्या भिंतीला चिकटवणार, फाडलं तर परत चिकटवणार.

दरवाजापाशी तो थांबला. मेणबत्ती सरळ धरली. मागे सगळं गाव थांबलं, टोप्या निघाल्या, ग्राबेनश्मीड घरचा बँडमास्तर काठी वर करून तयार राहिला. आम्ही वाट बघितली. किलियान उभाच होता. मेण ओघळून त्याच्या अंगठ्यावर आलं, त्याने हात हलवला नाही. गावच्या चर्चचे पाद्रीबाबा पुढे झाले.

“काय रे किलियान, गुडघा दुखतोय का?”

“गुडघे छान आहेत.”

“मग?”

“बुर्गी कुठे आहे?” तो मागे न वळता म्हणाला.

लोक बाजूला झाले. मी पुढे गेले.

“वाच,” तो म्हणाला.

“इथे?”

“मग काय ग्राट्झला?”

मी पिशवी उघडली. चष्मा पुसला, परत पुसला. मग वाचायला लागले. कारभाऱ्याचं वाक्य, जसंच्या तसं. हुकूम नसता. कुलूप तोडून. शेण काढावयाचे दार. मागे कोणीतरी हसलं आणि मग हसायचं थांबलं. मी शिक्षा वाचली, ‘जो कोणी लेनर घरी राहील’ हे वाचताना किलियानच्या मानेकडे बघितलं, ती तशीच होती. मग पान उलटलं. पुढे यादी होती. त्या दिवशी शेणाच्या दारातून आत कोण कोण शिरलं त्याची कारभाऱ्याने पुरावा म्हणून घरवार नोंद केली होती. पुस्तकासाठी मी ती गाळली होती, तेहतीस घरांची नुसती नावं कोण वाचणार म्हणून.

“‘टोनीबाउअर घरची चार माणसे,’” मी वाचलं. “‘ग्राबेनश्मीड घरची नऊ, पैकी एक आंधळी.’”

बँडमास्तरची काठी खाली आली. आमच्याकडे आडनावं बदलतात, माणसं बदलतात, पण त्या तेहतीस घरांची नावं तीच आहेत, आणि ती सगळी माझ्या मागे टोप्या हातात घेऊन उभी होती. “‘ओबरहोल्त्सर घरची दोन. मेस्नर घरची सात व एक गाय.’” तेवढ्यात आतून घाईघाईने अडसर ओढल्याचा आवाज आला. दरवाजा उघडला. कोणी गुडघे न टेकता तो उघडला होता. आत ग्राफ उभा होता, पाहुण्यांच्या वाइनचं तबक घेतलेली मुलगी त्याच्या मागे, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते मवाळ हसू होतं, जरा वाकडं झालेलं.

“या, या सगळे,” तो म्हणाला. “आत या. उन्हात कशाला?”

“थांबा, ग्राफसाहेब,” किलियान म्हणाला. “तिचं व्हायचंय अजून.”

कोणी हललं नाही. रोझीना काठी टेकत माझ्या कोपराशी आली आणि कागदात डोकावली, जणू तिला ते जुनं अक्षर वाचता येणार होतं.

“वेबर आहे का गं त्यात?”

मी बोटाने ओळी खाली नेल्या. “आहे,” मी म्हटलं. “‘वेबर घरची सहा. पैकी एक पोटुशी.’”

रोझीनाने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी, आणि काठीवर दोन्ही हात ठेवून नीट उभी राहिली. दरवाजा सताड उघडा होता, आतून सॉसेजचा वास येत होता. अजून अठ्ठावीस घरं वाचायची होती आणि सगळे बाहेर उभे होते.